तारेचं नाव सगळ्यात शेवटी

तार उतरवू नकोस. बाकी सगळं नंतर.

माणूस जुना बास घेऊन येतो, केसचं झाकण उघडतो आणि म्हणतो, "तारा कुठल्या आहेत माहीत नाही, घेतला तेव्हाच होत्या. पण आवाज असाच हवा, अशाच चार नव्या द्या." हे ऐकलं की आपला हात आपसूक खुंटीकडे जातो. तो आवरायचा. वाद्यावर ताणलेली तार जे सांगते त्यातलं निम्मं ती सैल झाली की गेलं. धाग्याचं रंगीत वेष्टण नटच्या पुढे किती अंतरावर सुरू होतंय, सॅडलवर धातू टेकलाय की धागा, नटच्या खाचेत तार किती बुडालीय, खुंटीवर किती वेढे बसलेत, हे आधी टिपून घे. आमच्याकडे पेन्सिल होती, तुझ्याकडे फोन आहे. चारही तारांचे दोन्ही टोकांचे फोटो काढ. आणि तार वाजवून बघ, ती खरोखर कोणत्या स्वरात लावली आहे. हे पोरं हमखास विसरतात. बास अर्धा स्वर खाली लावलेला असेल तर ताण साधारण एक नवमांशाने घटतो. मग गिऱ्हाईक ज्या तारेला 'मऊ' म्हणून डोक्यावर घेतं ती मऊ नसतेच, नुसती उतरवलेली असते. तू तशीच मऊ तार शोधत बसशील आणि हाती काही लागणार नाही.

आता मुळात ती फ्लॅटवाउंड, म्हणजे वरून चपट्या पट्टीने वेढलेली, आहे का, ते ठरव. नख तारेच्या लांबीच्या दिशेने ओढ. खर्रकन आवाज आला तर राउंडवाउंड, विषय संपला. नख काचेवरून सरकावं तसं निसटलं तर फ्लॅट असण्याचा संभव मोठा. पण मध्ये एक जात आहे, ती फसवते. गोल तारेने वेढून मग वरून घासून सपाट केलेली, तिला कोणी ग्राउंडवाउंड म्हणतं, कोणी हाफराउंड. नखाला ती जवळजवळ गुळगुळीत लागते, भिंगाखाली मात्र दर वेढ्यामागे एक बारीक चर दिसतो. जीएचएस कंपनीच्या 'ब्राइट फ्लॅट्स' या जातीच्या आहेत, नावात फ्लॅट असूनही. तेव्हा पाकिटावरच्या शब्दावर जाऊ नकोस, भिंग घे. काळी, चकचकीत, हाताला धातूसारखी गार न लागणारी तार असेल तर ती नायलॉनच्या पट्टीने वेढलेली; रोटोसाउंडची 'ट्रू बास ८८' त्यातली. ती वेगळी बिरादरी.

खऱ्या फ्लॅटवाउंडची रचना डोक्यात पक्की असू दे. आत पोलादाचा गाभा, त्यावर बारीक गोल तारेचा एक किंवा दोन थरांचा वेढा, आणि सगळ्यात वर चपटी पट्टी, शेजारी शेजारी घट्ट लावलेली. तार हलकीशी वाकवली की बाहेरच्या बाजूला पट्ट्यांमधल्या फटी उघडतात आणि आतला गोल थर डोकावतो. हलकीशी म्हणजे हलकीशीच. फ्लॅटवाउंडला एकदा कोपरा पडला की पट्टी उघडते ती पुन्हा मिटत नाही, आणि तिथे ती तार कायमची मेली.

जुन्या बासवर फ्लॅट सापडणं यात नवल नाही. फेंडरचा प्रिसिजन बास १९५१ साली आला तेव्हापासून पुढची कित्येक वर्षं बासची तार म्हणजे फ्लॅटच. रोटोसाउंडने १९६६ मध्ये द हू या बँडच्या जॉन एन्टविसलबरोबर राउंडवाउंड 'स्विंग बास' घडवली आणि मग हवा फिरली. मुंबईत आपल्या हाती जो जुना बास येतो तो बहुधा फिल्मी वाद्यवृंदांत वाजवलेल्यांच्या घरातून, नाही तर गोव्याकडच्या लग्नांच्या बँडांतून. आर. डी. बर्मन यांच्याकडे टोनी वाझ बास वाजवत, त्या पिढीची वाद्यं आता नातवंडांच्या हातात आहेत आणि नातवंडांना तारांचं काही ठाऊक नाही. त्यातून परदेशी माल सहज मिळत नसे. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरची उरलेली संख्यात्मक बंधनं उठली ती २००१ च्या एप्रिलमध्ये. तोवर कोणाचा भाऊ जहाजावर, कोणाचा जावई आखातात, असंच चालायचं. जे मिळेल ते लावायचं, एक तुटली की एकच बदलायची. म्हणून त्या काळच्या बासवर चार तारा चार घरच्या असणं अगदी शक्य आहे. प्रत्येक तार वेगळी तपास. तीन एकसारख्या आणि 'जी' निराळी, हे नेहमीचं. पातळ तार आधी जाते.

केसच्या कप्प्यात पाकीट सापडलं तर हुरळून जाऊ नकोस. पाकीट हा फार वाईट साक्षीदार. नवीन तार काढली की जुनी त्याच पाकिटात कोंबायची सवय सगळ्यांना असते, मलाही आहे.

तारेचा मधला भाग सगळ्यांचा सारखा दिसतो. बोलतात ती टोकं.

एका टोकाला पितळी गोळी, तिला सगळे बॉल एंड म्हणतात. गोळी साधी पितळी आहे की मुलामा दिलेली, तिचा आकार नळकांडीसारखा सरळ आहे की कडांना गोलावा आहे, गाभ्याची तार तिला पीळ देऊन किती लांबीपर्यंत बांधली आहे, त्या पिळावर धागा आहे की तो उघडाच आहे, आणि गोळीपासून किती मिलिमीटरवर चपटी पट्टी सुरू होते, हे सगळं लिहून ठेव. गोळीचा रंग दिसला की लगेच कंपनीचं नाव घेऊ नकोस. रंग कधी कंपनी सांगतो, कधी नुसता स्वर. डॅडारिओच्या गिटारच्या सेटमध्ये सहा तारांच्या गोळ्यांना सहा रंग असतात, ते कोणती तार कुठे लावायची हे कळावं म्हणून.

धाग्याचं वेष्टण, त्याला रेशीम म्हणतात, दोन्ही टोकांना असतं किंवा फक्त खुंटीकडे असतं. लोक सगळी भिस्त याच रंगावर ठेवतात. लाल दिसलं की "रोटोसाउंड!" म्हणून मोकळे, कारण स्विंग बासचं लाल रेशीम सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पण लाल धागा काही एकाच घराची मिरास नाही. शिवाय एकच कंपनी वर्षांच्या ओघात धागा बदलते, आणि एकाच कारखान्यात दोन-तीन नावांच्या तारा वळल्या जातात. तेव्हा रंगाने संशयितांची यादी लहान होते, एवढंच. त्याहून विश्वासाचं काय, तर धाग्याची बांधणी. तो एकेरी घट्ट वेढा आहे की आडवातिडवा, त्याचं शेवटचं टोक डिंकाने बसवलंय की आत खुपसलंय, आणि धागा पट्टीच्या वरून आलाय की पट्टी संपते तिथे सुरू होतोय. रंग बदलणं सोपं, यंत्राची चाल कोणी सहज बदलत नाही.

आणि रंग पाहायचा तर बरोबर जागी पाहा. उघड्यावरचा धागा घामाने, धुळीने, उन्हाने फसवा झालेला असतो. लाल तपकिरी होतो, जांभळा राखाडी होतो, हिरव्याचा खाकी होतो. खुंटीवरचे वेढे सोडवलेस की वेढ्यांच्या खाली दबलेल्या भागात मूळ रंग टवटवीत सापडेल. तोच खरा. इथे एक ताकीद: तार पुसायला स्पिरिट घेतेस ते धाग्याला लागू देऊ नकोस. काही रंग लगेच सुटतात आणि पुरावा तुझ्याच फडक्यावर येतो. स्पिरिट जुन्या लॅकरच्या पॉलिशवर सांडलं तर ते दुखणं वेगळंच. तार उकळून ताजी करण्याची युक्ती कोणी सांगेल. ती राउंडवाउंडची, वेढ्यांमधली घाण निघावी म्हणून. रेशमाच्या फ्लॅटला उकळून पाणी गाभ्यापर्यंत पोचवण्यात काही शहाणपण नाही.

आता धातू. खिडकीपाशी ये, पांढरा कागद घे, त्यावर तार धर. ट्यूबलाइटखाली सगळंच निळसर दिसतं, तिथे निकाल देऊ नकोस. निकलमध्ये किंचित पिवळसर ऊब असते. स्टेनलेस स्टील थंड, पांढरं, निळसर झाक असलेलं. मोनेल म्हणजे दोन तृतीयांशाच्या आसपास निकल आणि उरलेलं बहुतेक तांबं. ती लवकर करडी पडते आणि जुनी झाली की मंद, काळपट होते. फरक बारीक आहे, म्हणून नुसत्या डोळ्याच्या आठवणीवर विसंबू नकोस, शेजारी माहितीतले तुकडे ठेवून ताडून बघ. व्हिएन्नाच्या थोमास्टिक-इनफेल्डच्या 'जॅझ फ्लॅट्स' आणि जर्मनीतल्या पिरामिडच्या 'गोल्ड' निकलच्या. डॅडारिओच्या 'क्रोम्स', ला बेलाच्या 'डीप टॉकिन बास' आणि फेंडरच्या ९०५० स्टेनलेसच्या. रोटोसाउंडच्या ७७ मोनेलच्या. नुसता धातू ओळखलास तरी निम्मी नावं गळाली.

चुंबकाचं खूळ मात्र सोड. नवशिका तारेला चुंबक लावतो, तार चिकटते, आणि तो जाहीर करतो की हे निकल. अरे, गाभा पोलादी आहे, चिकटणारच! काळी नायलॉनची तारसुद्धा चिकटेल. चुंबक लावायचाच तर कापलेल्या टोकाची चपटी पट्टी बोटभर उलगड आणि नुसत्या पट्टीला लाव. तरीही निकल ओढलं जातं आणि बासच्या तारांत वापरलं जाणारं स्टेनलेसही बरेचदा ओढलं जातं, कारण पिकअपला चुंबकाने ओढला जाणारा धातूच लागतो. मोनेल जेमतेम ओढलं जातं. म्हणजे चुंबक मोनेल वेगळं काढायला कामाचा, निकल आणि स्टीलचं भांडण तो सोडवत नाही. ते रंगावरच सुटतं.

जाडी मोजण्यात कसूर नको. व्हर्निअर चालेल, मायक्रोमीटर असेल तर उत्तम. मोजायची जागा म्हणजे शेवटचा फ्रेट आणि ब्रिज यांच्या मधली, जिथे तार कधी फ्रेटवर दाबली गेलेली नाही. फ्रेटवरच्या भागात खालची बाजू चेपलेली असते, तिथे तुला एखाद-दुसरा हजारांश कमीच दिसेल. मोजताना जबडा तारेभोवती तीन दिशांनी फिरवून घे आणि सगळ्यात मोठा आकडा धर. इंचाचा एक हजारांश म्हणजे ०.०२५ मिमी, आणि साध्या डिजिटल व्हर्निअरची चूकही जवळपास तेवढीच. म्हणून एका हजारांशाच्या फरकावर कोणाशी वाद घालू नकोस. ४५ म्हणजे १.१४ मिमी, १०० म्हणजे २.५४, १०५ म्हणजे २.६७. हे आकडे हळूहळू तोंडपाठ होतील.

आकडे मिळाले की चारही एकत्र वाच, सुटे वाचू नकोस. ४५-६५-८५-१०५ आलं तर काहीच कळलं नाही असं समज. ला बेलाच्या ७६०एफएस याच मापाच्या, रोटोसाउंडच्या ७७ चा एक सेट याच मापाचा, आणखीही पुष्कळ. ४५-६५-८०-१०० आलं तर क्रोम्सचा हलका सेट मनात धर. तिसरी तार ८० की ८५, एवढ्यावर तिथे फरक पडतो. पण ४३-५६-७०-१०० आलं की मान वर करून हसायला हरकत नाही. 'ए' तार ७० आणि 'ई' एकदम १००, अशी उडी थोमास्टिकच्या जेएफ३४४ मध्ये आहे. रंगही पिवळसर निघाला तर मी तरी आणखी शोधत बसणार नाही. दुसऱ्या टोकाला ५२-७३-९५-११०. हा ला बेलाचा '१९५४' म्हणून ओळखला जाणारा जाडजूड सेट, सुरुवातीच्या फेंडरच्या तारांच्या वळणाचा, आणि मोटाउनचा जेम्स जेमर्सन वाजवायचा तो याच घरच्या जाड तारांवर. ५०-७५-९५-११० निघालं आणि धातू मोनेल वाटला तर रोटोसाउंडकडे बघ. आयर्न मेडनच्या स्टीव्ह हॅरिसच्या नावाचा सेट या मापाचा आहे. फ्लॅट म्हणजे म्हाताऱ्यांची जॅझची तार असं कोणी म्हणालं तर त्याला हॅरिसचं घोड्यांच्या टापांसारखं वाजवणं ऐकव.

आता तार उतरव. एकेक, सगळ्या एकदम नाही. चारही एकदम काढल्या की मान सैलावते, आणि ज्या वाद्यांत ब्रिज नुसता टेकवलेला असतो त्यांत तो जागचा हलतो. हॉफनरचा व्हायोलिनच्या आकाराचा बास हे त्याचं उदाहरण.

लांबी मोजायची ती गोळीपासून खुंटीकडचं रेशीम सुरू होतं तिथपर्यंत. वाद्याचं माप आणि तारेचं माप यांत लोक गोंधळतात. फेंडरचं माप ३४ इंच, म्हणजे नटपासून सॅडलपर्यंत ८६४ मिमी. धातूची पट्टी त्याहून काही इंच लांब हवी, कारण गोळीपासून सॅडलपर्यंतचं अंतर आणि नटपुढची थोडी मोकळीक धरावी लागते. रेशीम नटच्या खाचेतच बसलेलं दिसलं तर ती तार त्या वाद्याची नव्हे, कोणीतरी आखूड मापाची कशीबशी बसवली आहे. उलट पट्टी खुंटीवर जाऊन वेढे घेतेय असं दिसलं तर लांब मापाची तार आखूड बासवर आली आहे, आणि त्या वळणावर पट्टी उघडलेली सापडेल. तार अंगाच्या मागून घालायची सोय असलेल्या बासना आणखी लांबी लागते. हॉफनरचं माप ३० इंच, पण गोळी अडकते ती मागच्या शेपटीत, ब्रिजपासून बरीच लांब. तिथे ३० इंची म्हणून विकली जाणारी तार कमी पडू शकते. शेपटीपासून नटपर्यंत पट्टी धरून मोजल्याशिवाय मागवायची नाही. गोळीकडचं रेशीम लांब असेल तर तेही पाहा. ते सॅडलवर चढलं तर त्या तारेचा आवाज बोदा होतो आणि गिऱ्हाईक म्हणतं तार जुनी झाली.

हा पुढचा कानमंत्र मी कोणाला फारसा दिलेला नाही, कारण लोकांना हिशेबाचा कंटाळा. तुला देतो. दोन तारा एकाच जाडीच्या असूनही एक बोटाखाली सळईसारखी आणि दुसरी लवचिक लागते, ती का? आतला गाभा किती जाड, थर किती, धातू कोणता, यावर वजन ठरतं आणि वजनावर ताण. जाडीवरून ताण कळत नाही, तोलून कळतो. तार टाकूनच द्यायची असेल आणि मालकाची परवानगी असेल तर दोन्ही टोकं छाटून मधला बरोबर ५० सेंटिमीटरचा तुकडा घे आणि सराफी काट्यावर ठेव. कापण्याआधी कापायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी घट्ट लाव, नाही तर पट्टी उसवेल आणि गोल गाभ्याची असेल तर आतले वेढेही सैल होतील. आलेलं वजन दुप्पट केलं की दर मीटरचे ग्रॅम मिळाले. ३४ इंची बासवर नेहमीच्या स्वरात 'ई' तारेसाठी त्या ग्रॅमला ०.५२ ने गुण, 'ए' साठी ०.९२ ने, 'डी' साठी १.६४ ने, 'जी' साठी २.९२ ने. उत्तर येईल ते किलोंत, तार किती किलोंनी ताणली आहे ते. समज, 'ई' चा तुकडा १७.५ ग्रॅम भरला. दर मीटर ३५ ग्रॅम, ताण १८ किलोंच्या जवळपास. ३० इंची बास असेल तर आलेल्या उत्तराला पुन्हा ०.७८ ने गुण. यात जादू काही नाही. लांबी आणि कंपनसंख्या यांचा गुणाकार दुप्पट करून त्याचा वर्ग, गुणिले वजन, एवढंच शाळेतलं सूत्र आहे, मी फक्त आधी करून ठेवलंय. चार तारांचे चार ताण मिळाले की बाजारातल्या कुठल्याही सेटशी तुलना करता येते, कारण चांगल्या कंपन्या ताणाचे आकडे देतात. अमेरिकन कंपनीने पाउंडांत दिले असतील तर २.२ ने भाग.

ताणाचं गणित आलं म्हणजे नावाचा हट्ट सुटतो. गिऱ्हाइकाला नाव नको असतं, त्याला बोटांखाली तोच अनुभव आणि कानाला तोच आवाज हवा असतो. निकल, गुळगुळीत, ४५ च्या आसपास, ताण अमुक, लांबी तमुक, एवढं कळलं तर मूळ तार कुठल्या घराची हे नाही कळलं तरी काम होतं. पण आवाजाच्या बाबतीत त्याला आधीच सांग: वर्षानुवर्षं वाजून मुरलेल्या फ्लॅटचा गडद, टपटपीत आवाज नव्या पाकिटातून पहिल्या दिवशी निघत नाही. क्रोम्स तर नव्या असताना चांगल्याच झणझणीत लागतात. काही आठवडे वाजव, मग बोल, असं म्हणायचं. आणि जुन्या तारांचा आवाज त्याला इतका आवडतोय, त्या तुटलेल्या नाहीत, स्वर धरतायत, तर बदलायच्याच कशाला? हे सांगितलं की दुकानाचं नुकसान होतं. होऊ दे.

वही ठेव. माझ्या टेबलाच्या खणात आहे ती तू पाहिली आहेस, जाडजूड, फुगलेली. पाकीट माहीत असलेली प्रत्येक नवी तार लावली की खुंटीकडचं कापलेलं शेपूट तिच्यात चिकटव, शेजारी पाकिटाचा कोपरा, चारही मापं आणि वर्ष. वर्ष फार महत्त्वाचं, कारण धागे बदलतात. तार तुटली तर तिची गोळीही त्याच पानावर. अनोळखी तार आली की मी काही आठवत बसत नाही, पानं उलटतो. इंटरनेटवरच्या फोटोंत रंग कॅमेऱ्याप्रमाणे बदलतात आणि टोकाचं बारकाव्याचं काही दिसत नाही. हातातला तुकडा हातातल्या तुकड्याशी ताडला की शंका उरत नाही. वही आता तू घे, पण माझी पानं फाडू नकोस, त्यांतल्या काही तारा आता मिळत नाहीत.

जाड सेट काढून पातळ लावणार असशील तर दोन गोष्टी आधीच तपास. नटच्या खाचा. ५२-११० साठी रुंद केलेल्या खाचेत ४३ ची तार बसवलीस तर ती आत खुळखुळेल, मोकळी तार वाजवली की झर्र आवाज येईल आणि दोष तुझ्या तारांवर येईल. नट बदलावा लागेल हे आधी सांग, नंतर सांगितलं तर ते सबब वाटतं. दुसरी गोष्ट मान. ताण कमी झाला की मान मागे झुकते, ट्रस रॉड थोडा सैल करावा लागतो. पाव फेरा, मग वाट बघ, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघ. उलट पातळ काढून जाड लावत असशील तर तो आवळावा लागेल, आणि जुन्या बासचा रॉड गंजलेला असतो, तिथे जोर केलास तर तार राहिली बाजूला. नवी फ्लॅट लावताना खुंटीच्या पुढे पाच-सहा सेंटिमीटर सोडून तिथे आधी नव्वद अंशात वाकव आणि मगच काप. गोल गाभ्याच्या तारेला ही वाकण नसेल तर वरचे वेढे गाभ्यावर फिरतात आणि नवी कोरी तार त्याच दिवशी मुकी होते.

कामाच्या कागदावर काय लिहायचं? तुला खात्री आहे तेवढंच. "फ्लॅटवाउंड, स्टेनलेस, ४५-६५-८५-१०५, लांब माप, खुंटीकडे रेशीम" एवढं लिहिलं तरी पुरे. कंपनीचं नाव वहीशी जुळलं असेल तर लिही, नाही तर "बहुधा" घालून लिही. बहुधा लिहिण्यात कमीपणा नाही. एकदा चुकीचं नाव कागदावर गेलं की तो बास पुढे विकला जातो आणि ते नाव त्याच्याबरोबर दुकानोदुकानी फिरत राहतं. तारांवरून वाद्याचं वय मात्र कधीच लिहू नकोस. जुन्या बासवर गेल्या वर्षीची तार असते, आणि नव्या बासवर कोणी हौसेने आजोबांच्या चढवलेल्या असतात.

काढलेल्या तारा मालकाला परत द्यायच्या, मागितल्या नाहीत तरी. मोठ्या वेटोळ्यात, चारी वेगळ्या, प्रत्येकीला तिच्या स्वराची चिठ्ठी बांधून. तुकडा तोलायला कापला असेल तर तेही सांगून. वहीसाठी हवंय म्हणून शेपूट मागून घे, बहुतेक जण हसून देतात.